खुलासा येईपर्यंत

इतिहास कागदावर उभा असतो, असं आमचे सर म्हणत. वाक्य भारदस्त आहे आणि बहुधा खरंही असावं. पण सरांच्या घरी गेलं की पाहुण्यालाही कागदावरच उभं राहावं लागे, कारण बाहेरच्या खोलीत फरशी दिसेल अशी जागा उरलेली नव्हती. दारापासून पलंगापर्यंत एक पायवाट होती, तीही रविवारच्या पुरवण्यांची.

सर आमच्या तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवत. गाव त्यांना कात्रणसर म्हणे. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक कात्री. कात्री बोथट टोकाची, लाल मुठीची, बालवाडीतली पोरं वापरतात तसली. आधी मोठी होती. ती खिशात असताना एकदा ते स्कूटरवरून घसरले, आणि त्यानंतर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, शस्त्र बदलून दिलं.

संशोधनासाठी लोक ग्रंथालयात जातात. सर स्टँडवरच्या हॉटेलात जात. तिथे भजी रद्दी पेपरावर मिळत, आणि ती रद्दी कुठल्या कुठल्या गावांवरून आलेली असे. सर भजी बाजूला सारत आणि खालचं वाचायला लागत.

"सर, गरम हायत तवर खावा की," मालक म्हणे.

"थांब बे, खाली बाजारभाव आहेत."

"आजचे?"

"आजचे घेऊन काय करायचं? आजचे तुला बी माहितीयत."

मग ते भजी संपवत आणि कागद घडी करून खिशात ठेवत. माझ्या आधी सरांकडे असलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात एक तळटीप आहे: 'पृष्ठ क्रमांक तेलामुळे अस्पष्ट.' विद्यापीठाने ती तशीच मान्य केली. सरांना तिचा अभिमान होता. ते म्हणत, प्रामाणिक तळटीप अशी असावी, की हुंगूनही पटावी.

कुणाच्या घरी सत्यनारायणाला गेले तरी सर स्वयंपाकघरात शिरत. मांडणीवर भांड्यांखाली कागद अंथरलेला असतो. सर पातेली उतरवून तो वाचत. बायका आधी दचकत, नंतर सवयीने त्यांच्या हातात फडकं देऊ लागल्या. उतरवलीच आहेत तर पुसून ठेवा.

घरी पेपर अर्थातच येत. सगळेच येत. सर पहाटे उठून कापत, आणि काकूंच्या हाती पेपर यायचा तेव्हा त्याला खिडक्या पडलेल्या असत. एका बाजूची बातमी वाचवायची तर पाठीमागची मरते, हा कात्रणांचा नियमच आहे. काकू चहा पिताना तो पेपर समोर धरत आणि त्यातून अंगण दिसे.

"आमच्या घरी पेपर येतो गं," काकू मला म्हणाल्या होत्या, "बातम्या येत न्हाईत."

पण सरांना नुसतं गोळा करण्याचं वेड होतं असं समजू नये. त्यांचं शास्त्र होतं. पहिल्या पानावर विश्वास ठेवू नये, ते विकण्यासाठी असतं. विश्वास ठेवायचा तर सातव्या पानावर, कारण तिथे ज्यांचं नाव येतं त्यांच्याबद्दल खोटं बोलण्याची कुणाला गरज पडत नाही. दिवाळी अंकात लेखांपेक्षा जाहिराती विश्वसनीय. "लेखक खोटं लिहील," ते म्हणत, "पण भुसार दुकानदार पैसे भरून चुकीचा पत्ता छापणार न्हाई." संशोधनाच्या नियतकालिकांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. त्यातलं एक 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिक जिल्ह्यातल्याच एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीतून निघे. फी भरली की लेख छापत, आणि लेखकाशिवाय तो कुणी वाचत नसे. ई-पेपरवर तर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. "रातीत बदलता येतं त्याला. पेपर म्हणजे कसा, एकदा चुकला की कायमचा चुकला पाहिजे."

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: एका पेपरात आलं तर अफवा, दोन पेपरांत आलं तर बातमी, तीन पेपरांत आलं तर इतिहास.

या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त तलाठ्यांना झाला. त्यांचे थोरले भाऊ वारले. श्रद्धांजलीची जाहिरात तीन पेपरांत दिली आणि गडबडीत भावाच्या नावावर फोटो यांचा गेला. दुसऱ्या दिवशी तलाठी दूध आणायला निघाले, समोरून सर. तलाठ्यांनी हात जोडले. सरांनी रस्ता ओलांडला.

"ओ सर! कावून तोंड फिरवायलाव?"

"खुलासा येऊ द्या, मग बोलू."

"आवो, मी जिता हाय!"

"तुमच्याबद्दल माझ्या मनात शंका न्हाई," सर पलीकडून म्हणाले, "पण छापून येऊ द्या."

लोकांना वाटलं सर थट्टा करतात. सर कधीच थट्टा करत नसत, हीच त्यांची गंमत होती. खुलासा आला त्या सकाळी ते स्वतः तलाठ्यांच्या घरी गेले, हातात हात घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन."

अशा माणसाकडे मी पीएच.डी.ला होते. विषय त्यांनीच दिला: स्थानिक नियतकालिकांतून दिसणारं आमच्या भागाचं सांस्कृतिक जीवन. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते. ही अशी नोकरी असते की तिच्यात उन्हाळ्याची सुटी आली की माणूस प्राध्यापक राहत नाही, नुसता माणूस राहतो. अंबाजोगाईला एक कायमची जागा निघणार होती. पीएच.डी. असेल तर मुलाखतीला बोलावणार, नसेल तर पुन्हा तासिका. माझं सगळं त्या एका पदवीवर अडलेलं होतं.

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण घाटनांदूरला भरलेल्या एका ग्रामीण साहित्य संमेलनावर होतं. संमेलन पूर्वीचं, मी शाळेत असतानाचं. मला त्याची कात्रणं सरांच्या पलंगाखाली सापडली. तीन पेपर, तीन बातम्या. ग्रंथदिंडी, तुडुंब मंडप, पश्चिम महाराष्ट्रातून आलेले एक नामवंत अध्यक्ष, त्यांच्या भाषणाने मंत्रमुग्ध झालेले रसिक, आणि शेवटी जिलेबीचं जेवण. अध्यक्षांचं एक वाक्य तिन्हीकडे होतं: 'ज्या साहित्याला धुळीचा वास नाही ते कपाटातच शोभतं.' मी ते प्रकरणाच्या डोक्यावर घातलं.

फक्त एक गोष्ट मला खटकली. तिन्ही बातम्या शब्दशः सारख्या होत्या. मी हे सरांना दाखवलं.

सरांनी तिन्ही कात्रणं शेजारी ठेवली, चष्म्यातून पाहिली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघ," ते म्हणाले, "तिघांची साक्ष कशी जुळती!"

प्रबंध बांधून विद्यापीठाला गेला. बाहेरचे परीक्षक म्हणून सरांनी सुचवलेल्या नावांतून नेमके तेच संमेलनाध्यक्ष नेमले गेले. सर खूश. त्या संमेलनाचा त्यांच्याहून मोठा जाणकार कोण? अहवालही उत्तम आला. 'चौथे प्रकरण विशेष विश्वसनीय' असं त्यात होतं. आता फक्त सगळ्यांसमोरची मौखिक परीक्षा उरली होती, आणि तिला सगळे उपचार म्हणतात.

त्या आनंदात मी चुलतबहिणीच्या लग्नाला गेले. तिथे माझी घाटनांदूरची आत्या भेटली. काय लिहिलंस म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं.

"कोन्तं संमेलन गं? ते बुंदीचं?"

"बुंदीचं?"

"आगं, आदल्या दिशी पराती भरून बुंदी पाडली. अध्यक्ष यायचा म्हून गाव दुपारपस्तोर मंडपात बसलं. अध्यक्ष घाटातूनच माघारी गेला म्हणं, गाडी तापली. मंग माईकवाल्यानं गानी लावली. आन् आमी आपली बुंदी खाल्ली. लेकरं तर मंग रोजच इचारायलती, संमेलन परत कदी हाय म्हून."

"आणि भाषण?"

"कुनाचं?"

मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांकडे गेले. पुरवण्यांवरून चालत पलंगापर्यंत पोचले आणि सगळं सांगितलं. सर शांत होते.

"तुझ्या आत्याला संदर्भ काय?"

"सर, ती तिथे होती."

"ते झालं. छापील?"

मी म्हटलं, ही बातमी पेपरांना दिली कुणी, ते तरी शोधू.

"शोधायचं काय त्यात? मीच दिलती. तिन्ही पेपरांचा वार्ताहर मीच होतो तेव्हा."

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गावाकडचा कार्यक्रम संध्याकाळी होतो, आणि पेपर दुपारीच पानं लावायला घेतो. म्हणून 'मोठ्या उत्साहात संपन्न झाला' हे वार्ताहर दुपारी जेवणाआधी लिहून मोकळा होतो. यात कुणाला काही गैर वाटत नाही. पाहुणे आमच्याकडे नेहमीच मौलिक मार्गदर्शन करतात, रसिक नेहमीच मंत्रमुग्ध होतात. वाट पाहून यात बदल काय होणार?

"सर, मग तुम्ही संमेलनाला होतात का?"

"मी कसा असणार? बातमी घेऊन बीडला गेलतो. तेव्हा हे व्हॉट्सॲप कुठं होतं? भाषण तर मी एसटीत लिहिलं. धुळीचं वाक्य मांजरसुंब्याला सुचलं. खिडकीला काच नव्हती."

"मग संमेलन झालं हे तुम्हाला कशावरून कळलं?"

सरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू विचारत होते, इतकी वर्षं या पोरीला आपण काय शिकवलं.

"दुसऱ्या दिवशी वाचलं की."

आतून काकूंचा आवाज आला, "तिला च्या घे म्हणा. आन् पोरी, आमचं लगीन झालंय का न्हाई ते बी इचार एकदा. ते कुठल्याच पेपरात आलं न्हवतं."

"ते अप्रकाशित आहे," सर म्हणाले.

मी स्वतःची समजूत घातली. परीक्षकांना माहीत आहे की ते आले नव्हते. तरी त्यांनी प्रकरण विश्वसनीय ठरवलं. सरांना सांगून पटत नाही. मला माहीत असून उपयोग नाही. म्हणजे धोका कुणाचाच नाही. हा हिशेब बरोबर होता. फक्त त्यात आत्या धरली नव्हती.

"भाची डाक्टर होनार आन् मी घरी बसू व्हय?" ती फोनवर म्हणाली. मी म्हटलं, आत्या, फार कंटाळवाणं असतं. ती म्हणाली, कीर्तनात बसते मी, मला कंटाळा माहीत न्हाई.

परीक्षेच्या दिवशी सकाळी उठले तर मोबाईलवर अभिनंदनांचा ढीग. पेपरात माझा फोटो होता. 'पीएच.डी. प्रदान' असा मथळा, आणि 'परीक्षकांनी प्रबंधाची मुक्तकंठाने प्रशंसा केली' असं खाली. तिन्ही पेपरांत. सरांनी आदल्या दुपारी पाठवून दिलं होतं. मी अजून अंघोळही केली नव्हती.

आत्या नारळ, टॉवेल आणि पेढ्यांचा पुडा घेऊन कॉलेजच्या सभागृहात आली, आणि नीट ऐकू यावं म्हणून पहिल्या रांगेत बसली. परीक्षक आले. खादीचं जाकीट, मागे वळवलेले पांढरे केस, हळू बोलणं. सरांनी त्यांचा परिचय वाचला. आमच्याकडे परिचय हा पाहुण्यापेक्षा मोठा असतो. त्यात मध्येच आलं, 'घाटनांदूर येथील ग्रामीण साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.' परीक्षकांनी मान किंचित झुकवली. आत्या ताठ झाली.

प्रश्न सोपे होते. मग परीक्षकांनी चौथं प्रकरण उघडलं आणि डोक्यावरचं वाक्य मोठ्याने वाचलं. धूळ, कपाट, सगळं. "हे विचार," ते म्हणाले, "मी पुढे अनेक प्रस्तावनांतून मांडले. पण पहिल्यांदा ते मला तिथे, त्या मातीत सुचले."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात सर वाजवत होते.

शेवटी विभागप्रमुख उठले. उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का? हे वाक्य नुसतं म्हणायचं असतं. विचारायला दोन विद्यार्थी आधीच नेमलेले असतात. पण त्यांच्या आधी हात वर झाला, आणि त्या हातात टॉवेल होता.

"मला इचारायचंय," आत्या म्हणाली. "आवो सायेब, ते संमेलन झालंच कुटं? मंडप व्हता, माईक व्हता, बुंदी व्हती. तुमी कुटं व्हता?"

परीक्षक चष्मा पुसू लागले. पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसू लागले. अंबाजोगाईची ती कायमची जागा माझ्या डोळ्यांसमोरून घाटातल्या गाडीसारखी माघारी वळायला लागली.

सर उभे राहिले. "ताई, आपल्या विधानाला आधार काय?"

"मी सोत्ता तितं बसले व्हते की!"

"छापील आहे का काही?"

"बुंदी छापत्यात व्हय कुटं?"

मागच्या बाकांवर कुणीतरी फुटलं. विभागप्रमुखांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तोंडासमोर तसाच धरून ठेवला. परीक्षकांनी अखेर चष्मा लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "याबाबत... उमेदवाराचं काय मत आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संमेलन झालं म्हणावं तर आत्या आहे. झालं नाही म्हणावं तर परीक्षक आहेत, सर आहेत, आणि चौथं प्रकरण आहे.

"सर," मी म्हटलं, "संमेलन झालं की नाही, याबाबत साधनांमध्ये एकमत नाही."

परीक्षकांनी इतका मोठा श्वास सोडला की समोरची पानं हलली. "उत्तम!" ते म्हणाले. "अत्यंत संतुलित! संशोधकाची दृष्टी म्हणतात ती हीच. बाईंनी मांडलेला मुद्दा मौखिक इतिहासात मोडतो. उमेदवाराने पुढेमागे त्यावर स्वतंत्र काम करावं." आणि मग, समोर ठेवलेल्या सकाळच्या पेपराकडे एक नजर टाकून, "तसंही पदवी मिळाल्याचं छापून आलेलंच आहे."

"व्हय का?" आत्या खाली बसत म्हणाली. "मंग ऱ्हाऊ द्या." आणि तिने पेढे वाटायला घेतले. पहिला परीक्षकांना दिला. "घ्या. त्या दिशी तुमच्या वाटनीचं आमीच खाल्लं."

मला पदवी मिळाली, पुढे अंबाजोगाईची जागाही मिळाली. सर आता निवृत्त आहेत. म्हणजे तसं तीन पेपरांत आलंय.

पण त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना कॉलेजच्या फाटकाजवळ पाहिलं. स्कूटर स्टँडवर होती आणि ते आत्याजवळ उभे होते. चेहरा पडलेला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आज यांच्या इतिहासाचा पाया हलला. आज या माणसाला कळलं की आपण लिहिलं ते घडलंच नाही, आणि आता हा त्या पलंगाकडे कुठल्या पावलांनी जाणार? मी जवळ गेले.

"ताई, खरं सांगा," सर हळूच विचारत होते, "जिलेबी न्हवती?"

"एवढ्या लोकांला जिलेबी कोन पाडतंय, सर? बुंदीच व्हती."

"तुमी सोत्ता खाल्ली?"

"पोट भरून."

सरांनी मान हलवली. खिशातून पेन काढलं, नंतर आत्याचं नाव विचारून पेपराच्या कोऱ्या कडेला लिहून घेतलं. "मी तिन्हीकडं जिलेबी दिलती," ते मला म्हणाले. "किती वर्षं झाली. एवढी मोठी चूक, आन् एकानं बी कळवलं न्हाई."

आठवड्याने खुलासा आला. तिन्ही पेपरांत, सातव्या पानावर, शब्दशः सारखा: 'घाटनांदूर येथील ग्रामीण साहित्य संमेलनाच्या वृत्तात भोजनात जिलेबी असल्याचे अनवधानाने प्रसिद्ध झाले होते. प्रत्यक्षात बुंदी होती. उर्वरित वृत्त बरोबर आहे.'